तिरोड्याचा ०७१९८ आणि संपत आलेले आकडे

तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातले, हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. टपाल खात्याच्या लेखी ते ४४१९११ आहे, टेलिफोन खात्याच्या लेखी ०७१९८, आणि तिथल्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-३५ असते. गावातल्या प्रत्येक मोबाइल संचाला याशिवाय स्वतःचा पंधरा अंकी क्रमांक असतो आणि त्यातल्या सिमकार्डाला दहा अंकी. ही क्रमांकव्यवस्था प्रत्येक वेळी अपुरी पडत गेली, आणि तिच्या अपुरेपणाचे कारण बहुतेक वेळा एकच होते. आकडे वापरून संपण्याआधी वाटून संपले. कुणाला किती लागतील याचा अंदाज बांधून आधीच हिस्से पाडले गेले. ज्याला गरज नव्हती त्याच्या हिश्श्यात आकडे पडून राहिले आणि ज्याला हवे होते त्याच्याकडचे सरले.

ट्रंक कॉलच्या काळात हा प्रश्न नव्हता. गावाचे नाव आणि दोन-तीन अंकी क्रमांक ऑपरेटरला सांगितला की पुढचे काम त्याचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे चढत्या दराचे प्रकार होते. विशिष्ट माणसालाच बोलवायचे असेल तर पी.पी. कॉल लावावा लागे. धान आणि विडी या दोन धंद्यांवर चालणाऱ्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात भाव विचारायला नागपूर लावायचे तर तासन् तास वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागे. गावाचे नाव हाच गावाचा कोड होता आणि नावे काही संपत नाहीत.

ऑपरेटरला मधून काढल्यावर यंत्राला गाव ओळखण्यासाठी आकडा द्यावा लागला. भारतात ग्राहकाने स्वतः फिरवलेला पहिला एसटीडी कॉल २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यात झाला. पुढे देशाचे भाग पाडून प्रत्येकाला एकेक पहिला अंक देण्यात आला. महाराष्ट्राचा मोठा भाग २ च्या खाली गेला, विदर्भ मात्र ७ च्या खाली. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, आणि त्यांच्याच रांगेत इंदूर ०७३१, भोपाळ ०७५५, जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्याच्याशी विदर्भाचे असलेले जुने नाते या टेलिफोन नकाशात आजही दिसते. राज्याची सीमा बदलली होती तरी आकड्यांची वाटणी त्या जुन्या नात्यानेच झाली.

या वाटणीचे सर्वांत लहान एकक म्हणजे अल्प अंतर आकारणी क्षेत्र. ढोबळमानाने एक तालुका म्हणजे एक क्षेत्र, आणि देशभरात अशी २,६०० हून अधिक क्षेत्रे आखली गेली. गोंदियाला ०७१८२ मिळाला, गोरेगावला ०७१८७, आमगावला ०७१८९, तिरोड्याला ०७१९८ आणि देवरीला ०७१९९. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गाड्यांना भंडाऱ्याच्या एमएच-३६ ऐवजी एमएच-३५ मिळू लागले. टेलिफोनचा कोड तालुक्याला चिकटलेला असल्याने त्यात एका अंकाचाही फरक पडला नाही.

तालुक्याला कोड देण्यामागे बिलाचा हिशेब होता. एका क्षेत्रातला कॉल स्थानिक धरायचा आणि क्षेत्राबाहेरचा अंतरानुसार महाग, असा नियम होता. म्हणून क्रमांक पाहिला की कॉल कुठून कुठे गेला ते कळले पाहिजे. हा हेतू रास्तच होता, पण त्याची किंमत आकड्यांत मोजावी लागली. कोड आणि क्रमांक मिळून दहा अंक भरायचे ठरल्यावर ७१९८ नंतर सहा अंक उरतात. सहा अंकांत दहा लाख क्रमांक बसतात, म्हणजे एकट्या तिरोडा क्षेत्रासाठी दहा लाख क्रमांक बाजूला पडले. वर सांगितलेल्या पाच कोडांचे मिळून पन्नास लाख होतात. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती. तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या नावे लँडलाइन घेतली असती तरी निम्म्याहून जास्त आकडे शिल्लक राहिले असते. लँडलाइनचा क्रमांक २ ते ६ याच अंकांनी सुरू व्हावा असा नियम झाल्यावर दहा लाखांतले पाच लाखच तिच्या कामाचे उरले. बीएसएनएलच्या वाट्याला त्यातला २ आला. २००२-०३ च्या सुमारास गावोगावच्या जुन्या क्रमांकांपुढे अचानक २ लागला तो त्यामुळे.

२००३ ची राष्ट्रीय क्रमांक योजना आखताना दूरसंचार खात्याने २०३० सालापर्यंतचा विचार केला होता. तोवर देशात ७५ कोटी फोन होतील, म्हणजे दर शंभर माणसांमागे पन्नास, असा अंदाज त्या वेळी धाडसीच वाटला असणार. ७५ कोटींचा टप्पा २०१० संपण्याआधीच ओलांडला गेला. मोबाइलसाठी राखलेला ९ हा पहिला अंक कागदावर शंभर कोटी क्रमांक देतो. पण तेही सर्कलवार, म्हणजे दूरसंचार सेवेच्या मोठ्या विभागांनुसार, आणि कंपनीवार गठ्ठ्यांनी वाटले जात होते, आणि एका सर्कलमधला शिलकी गठ्ठा दुसऱ्या सर्कलला उपयोगी पडत नसे. त्यामुळे मोबाइलला आधी ८, मग ७ आणि शेवटी ६ या अंकांच्या हद्दीत शिरावे लागले.

इथे विदर्भातल्या तालुक्यांचे कोड आडवे आले. ७ वर आधीच नागपूर, अमरावती, तिरोडा, तुमसर अशी शेकडो गावे बसलेली होती. त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा शोधून मोबाइलला द्याव्या लागल्या. अमरावतीची लँडलाइन ०७२१ नंतर २ ने सुरू होते, म्हणून ७२१ नंतर ८ किंवा ९ येणारे क्रमांक मोबाइलला देता आले. आज ७२१८ किंवा ७२१९ ने सुरू होणारा मोबाइल क्रमांक दिसतो त्यामागे ही कसरत आहे. लँडलाइनवाले घटत होते, त्यांच्या नावावर अडकलेले आकडे मात्र घटत नव्हते.

याच काळात तालुक्याची ही अदृश्य कुंपणे एका वेगळ्या तऱ्हेने लोकांना जाणवली. २००१ मध्ये लँडलाइन कंपन्यांना तारेऐवजी रेडिओ लहरींवरून जोडणी देण्याची आणि तो फोन मर्यादित क्षेत्रात फिरवण्याची मुभा मिळाली. लोक त्याला डब्ल्यूएलएल म्हणत. मर्यादा होती त्याच आकारणी क्षेत्राची. तिरोड्याचा असा फोन तिरोडा क्षेत्रात चालणार आणि गोंदियाला नेला की मुका होणार, अशी ती व्यवस्था होती. नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आला आणि हे बंधन गेले. डब्ल्यूएलएलचे बहुतेक फोन सीडीएमए तंत्राचे होते, रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे मोबाइलही त्याच तंत्राचे. आणि संचाच्या ओळख क्रमांकांचा तुटवडा जगात सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने जाणवला तो याच तंत्राला.

सीडीएमए संचाची ओळख ईएसएन नावाच्या क्रमांकाने होत असे. हा क्रमांक अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या पहिल्या मोबाइल फोनांसाठी तयार झाला होता. तो ३२ बिटांचा होता, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ शक्यता. सव्वाचारशे कोटींहून अधिक आकडे त्या काळी कुणालाही अक्षय्य वाटले असते. पण त्यातले पहिले ८ बिट कारखानदाराच्या कोडासाठी ठेवले होते, आणि ८ बिटांत २५६ च कोड बसतात. एक कोड घेतला की सोबत १,६७,७७,२१६ क्रमांकांचा गठ्ठा मिळे. मोठ्या कंपनीला तो काही महिने पुरे, छोट्या कंपनीचा तसाच पडून राही. पुढे कारखानदाराचा कोड १४ बिटांचा करून गठ्ठे लहान केले गेले. न वापरलेले गठ्ठे परत घेऊन पुन्हा वाटण्याचेही प्रयत्न झाले. त्याने थोडी वर्षे मिळाली, एवढेच.

भारत आणि चीन यांनी या तुटवड्यात भर घातली. या देशांत सिमसारखे काढता येणारे कार्ड असलेले सीडीएमए फोन आले. त्या कार्डालाही ओळख हवी होती आणि तिचा आकार ईएसएनएवढाच, त्याच साठ्यातून काढलेला. म्हणजे एका माणसाच्या एका फोनसाठी दोन क्रमांक खर्ची पडू लागले. कार्ड हरवले की आणखी एक.

यावरचा उपाय आधीपासून तयार ठेवला होता हे मानके ठरवणाऱ्यांचे श्रेय. मेईड नावाचा ५६ बिटांचा नवा क्रमांक ठरवण्यात आला. त्यात मावणाऱ्या क्रमांकांची संख्या सतरा अंकी आहे. अडचण जुन्या यंत्रणेची होती. मनोऱ्यावरची उपकरणे, एक्स्चेंज, बिलाची प्रणाली, दुकानातले नोंदणीचे सॉफ्टवेअर, सगळ्यांनी ३२ बिटांचाच रकाना ठेवलेला. तो एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. म्हणून नव्या संचात मेईडवरून गणिताने काढलेला ३२ बिटांचा एक नावापुरता ईएसएनही ठेवला गेला. त्याला स्यूडो-ईएसएन म्हणत. त्याचे पहिले ८ बिट ठरावीक, कुठल्याही कारखानदाराला न दिलेले, आणि बाकीचे २४ बिट मेईडवरून काढलेले.

या तडजोडीतला धोका बारकाईने पाहण्यासारखा आहे. २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांच्या आसपासच आकडे बसतात. त्यात सतरा अंकी विश्व कोंबायचे म्हणजे दोन फोनांना एकच नावापुरता क्रमांक मिळणार हे निश्चित. किती फोनांनंतर? आकडे इतके असताना टक्कर फार उशिरा होईल असे मनाला वाटते. पण संभाव्यतेचा हिशेब सांगतो की कुठलेही सुमारे ४,८०० संच एकत्र घेतले की त्यांतल्या निदान एका जोडीचा क्रमांक सारखा निघण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. ४,८०० संच म्हणजे तिरोड्यासारख्या एका तालुक्याच्या गावातले फोन. सीडीएमएमध्ये फोनचा आवाज झाकणारा संकेत या क्रमांकावरून तयार होई आणि मनोरा फोनला वाहिनी नेमून देतानाही त्याच क्रमांकाने हाक मारी. एकाच मनोऱ्याखाली सारख्या क्रमांकाचे दोन फोन एकाच वेळी चालू असले तर एकाच्या कॉलमध्ये दुसरा घुसण्याची भीती होती. तसे होऊ नये म्हणून मनोऱ्याने स्वतःच फोनला तात्पुरता वेगळा संकेत नेमून द्यावा, अशी तरतूद मानकांत करावी लागली.

भारतात मात्र या तंत्राची सद्दीच फार टिकली नाही. २०१६-१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी सीडीएमए गुंडाळले आणि मेईडचा विपुल साठा इथे फारसा वापरातच आला नाही.

जीएसएम या दुसऱ्या तंत्राच्या फोनांचा आयएमईआय क्रमांक वेगळ्या वाटेने आला आणि अजून टिकून आहे. कुठल्याही फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. त्याच्या पंधरा अंकांतले पहिले आठ मॉडेलचे असतात, पुढचे सहा त्या मॉडेलमधल्या संचाचे, आणि शेवटचा तपासणीचा. आठांतले पहिले दोन कुठल्या संस्थेने क्रमांक दिला ते सांगतात. भारतातल्या संस्थेसाठी तिथे ९१ येते. सहा अंकांत दहा लाख संच बसतात, म्हणजे तिरोड्याच्या ०७१९८ मध्ये जेवढे क्रमांक मावतात तेवढेच. एखादे मॉडेल कोटींनी खपले तर त्याला एकामागून एक नवे आठ अंक घ्यावे लागतात आणि एखादे पन्नास हजारांवर बंद पडले तर साडेनऊ लाख आकडे कायमचे निजलेले राहतात. २००४ पर्यंत तर आठांतले दोन अंक संच कुठल्या कारखान्यात जुळवला त्यासाठी राखलेले होते. १ एप्रिल २००४ पासून ते मॉडेलच्या क्रमांकात विलीन झाले. एक हिस्सा मोडून दुसऱ्यात घातला आणि तुटवडा पुढे ढकलला गेला. त्यानंतर दोन सिमचे फोन आले. सिमची प्रत्येक जागा स्वतंत्र आयएमईआय मागते, म्हणजे खर्च पुन्हा दुप्पट.

तपासणीचा शेवटचा अंक काढण्याची रीत साधी आहे आणि कागद-पेनाने करता येते. मानकांच्या वर्णनात नेहमी येणारा ४९०१५४२०३२३७५१ हा नमुना घेतला, तर डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करायचे. दुप्पट केल्यावर दोन अंकी आले तर त्यांची बेरीज घ्यायची. ९ चे १८, म्हणजे १ आणि ८ मिळून ९. ७ चे १४, म्हणजे ५. मग सगळ्यांची बेरीज करायची. इथे ती ५२ येते. पुढच्या दशकाला, म्हणजे ६० ला, ८ कमी पडतात, म्हणून पंधरावा अंक ८. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी मांडलेली ही पद्धत बँकांच्या कार्डांवरही चालते. लिहिताना एक अंक चुकला तर ती लगेच पकडते. मुद्दाम खोटा क्रमांक बनवणाऱ्याला मात्र ती अडवत नाही, कारण हेच गणित त्यालाही करता येते.

आणि खोटे क्रमांक बनले. २००७-०८ च्या सुमारास बाजारात स्वस्त चायना मोबाइल आले. मोठा स्पीकर, दोन सिम, टीव्हीची अँटेना, आणि किंमत नामांकित कंपनीच्या निम्म्याहून कमी. त्यातल्या अनेकांत आयएमईआयच्या जागी पंधरा शून्ये होती किंवा हजारो संचांत एकच क्रमांक भरलेला होता. सुरक्षेच्या कारणावरून दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २००८ मध्ये असे फोन जाळ्यावरून बंद करण्याचे आदेश दिले. मुदत पुढे सरकत अखेर ३० नोव्हेंबर २००९ ला ठेपली. असे सुमारे अडीच कोटी फोन देशात असल्याचा तेव्हाचा अंदाज होता. ज्यांनी कष्टाच्या पैशातून फोन घेतला त्यांचे एका रात्रीत नुकसान होऊ नये म्हणून ठरावीक केंद्रांवर १९९ रुपयांत खरा आयएमईआय भरून देण्याची सोय केली गेली. ही तरतूद माणुसकीची होती. खेड्यापाड्यातल्या ग्राहकाला आपल्या फोनला असा काही क्रमांक असतो हे बहुधा तेव्हा पहिल्यांदा कळले.

फोनांची चोरी आणि आयएमईआयची नक्कल त्यानंतरही चालू राहिली. २०१७ मध्ये हा क्रमांक बदलण्याविरुद्ध स्वतंत्र नियम झाले. २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयचे तेरा हजारांहून अधिक फोन आढळले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने असे फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. चोरीचा फोन देशभर निकामी करणारी केंद्रीय नोंदवही, सीईआयआर, सर्वांत आधी महाराष्ट्रातच सुरू झाली, १३ सप्टेंबर २०१९ रोजी. पोलिसांत तक्रार द्यायची, फोनचे बिल आणि आयएमईआय भरायचा, म्हणजे तो संच कुठल्याच कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही, आणि कुणी नवे सिम घालून पाहिले तर माग लागतो. मे २०२३ मध्ये ही सोय देशभर झाली. १ जानेवारी २०२३ पासून भारतात बनलेल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय पहिल्या विक्रीआधी सरकारी नोंदणीत घालणेही बंधनकारक आहे. मोजणीच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. गठ्ठा कुणाला दिला एवढेच पूर्वी माहीत असे. आता त्यातला कुठला आकडा खरोखर फोनमध्ये गेला तेही कळते.

टेलिफोन क्रमांकांच्या बाजूलाही जुनी कुंपणे काढण्याचे काम उशिरा का होईना सुरू झाले. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने मे २०२० मध्ये सुचवले की लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० दाबावा, त्यातून २५४ कोटींहून अधिक नवे मोबाइल क्रमांक मोकळे होतील. १५ जानेवारी २०२१ पासून तसे झाले. ० मुळे एक्स्चेंजला पहिल्याच अंकाला कळते की कॉल स्थानिक लँडलाइनचा नाही, त्यामुळे स्थानिक क्रमांकांशी गल्लत होईल म्हणून रोखून धरलेले मोबाइलचे आकडे वापरता येतात. मोबाइल लावणाऱ्याला एक अंक जास्त दाबावा लागला, पण कुणाचाही क्रमांक बदलला नाही. मोबाइलचे दहा अंक अकरा करण्याचा पर्याय त्यामुळे टळला. तो स्वीकारला असता तर शंभर कोटींहून अधिक क्रमांक, बँक खात्यांतल्या नोंदी आणि घराघरातल्या वह्या बदलाव्या लागल्या असत्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने आणखी पुढची शिफारस केली. लँडलाइनचे क्रमांक तालुकानिहाय क्षेत्राऐवजी सर्कलनिहाय धरावेत आणि लँडलाइनवरून लँडलाइन लावताना स्थानिक कॉललाही ० आणि कोड लावून पूर्ण दहा अंक फिरवावेत. तिरोड्यातल्या तिरोड्यातही मग ०७१९८ आणि पुढचे सहा अंक लावावे लागतील. सध्याच्या ग्राहकांचे क्रमांक तेच राहतील. मात्र ७१९८ हा आकडा तिरोडा तालुक्यापुरता राखीव राहण्याचे कारण संपेल. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल होते, म्हणजे पडून राहिलेले आकडे पणजीपर्यंत कुठेही देता येतील. कॉल कुठून कुठे गेला यावर दर ठरण्याचे दिवस केव्हाच गेलेले असल्याने तालुक्याची ही हद्द राखण्यात आता कुणाचा फायदाही उरलेला नाही.

यंत्रांसाठी वेगळी वाट आधीच आखली गेली आहे. १ जुलै २०१८ पासून यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठीच्या नव्या सिमला तेरा अंकी क्रमांक मिळतो. विजेचे स्मार्ट मीटर, दुकानातली स्वाइप मशीन आणि गाड्यांवरची जीपीएस उपकरणे त्यात येतात. हे क्रमांक माणसांच्या दहा अंकी साठ्याला हात लावत नाहीत. मोबाइल जाळ्यावर बोलणाऱ्या अशा प्रत्येक उपकरणाला आयएमईआय मात्र लागतोच, आणि तो फोनांच्याच साठ्यातून, दहा-दहा लाखांच्या गठ्ठ्यांनी दिला जातो.